दोन खुंट्या आणि थरथरणारा डोंगर

अमेरिकन चित्रकार विन्सर मॅकेचा १९१४ चा हाताने काढलेला अ‍ॅनिमेशनपट ‘गर्टी द डायनोसॉर’ नीट बघा: मागचे डोंगर-दगडधोंडेसुद्धा हलकेच थरथरतात. त्याचं कारण म्हणजे पातळ राइस पेपरच्या प्रत्येक पानावर अख्खा देखावा पुन्हा गिरवलेला आहे. हे गिरवायचं काम मदतनिसाकडे होतं. केस पांढरे व्हायचे बिचाऱ्याचे!

त्याच सुमारास राउल बारेने कागदाला भोकं पाडून ती खुंट्यांत अडकवायला सुरुवात केली, म्हणजे प्रत्येक पान नेमकं त्याच जागी बसतं. अर्ल हर्डने हलणारं चित्र सेल्युलॉइडच्या पारदर्शक पानावर नेलं, मागचा देखावा एकदाच काढला, आणि या पद्धतीचं पेटंट घेतलं. ब्रे या अ‍ॅनिमेशन स्टुडिओचा कारखाना या पेटंटवर चालला. माझ्या मते खरी क्रांती खुंटीचीच.

असं अ‍ॅनिमेशन घरी करायचं तर ऑफिसच्या पंचिंग मशीनची भोकं ८ सेंटीमीटर अंतरावर, ६ मिलिमीटरची असतात. त्याच मापाच्या दोन लाकडी खुंट्या सुताराकडून फळीवर ठोकून घ्या. सेकंदाला १६ फ्रेम, म्हणजे फोटो, धरा; एक चित्र मोबाइलने दोनदा टिपा. म्हणजे दहा सेकंदांना ८० चित्रं.

बेळगावच्या पावसाळ्यात मात्र कागद सादळतो, भोकं सैल होतात आणि मॅकेचा डोंगर तुमच्याकडेही थरथरतो. भोकांच्या जागी मागून आधी चिकटपट्टी लावा, मग पंच करा. मोबाइलचं एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, खिडकी झाका. ढग आला की प्रकाश बदलतो, चित्र लुकलुकतं.

चित्रकला जमत नसेल तर दादासाहेब फाळक्यांची वाट धरा: आगकाड्यांचं अ‍ॅनिमेशन. एकेक काडी जराशी सरकवायची, फोटो, पुन्हा सरकवायची. टेबलाला धक्का लागला की सगळं मुसळ केरात.