भुंग्याचं भरीत

रविवारी जेवून जरा आडवा झालो, तर बाल्कनीतून घूंऽऽ. डोकावलो. कुंडीतल्या वांग्याच्या जांभळ्या फुलाला काळाकुळकुळीत भुंगा खालून लटकलेला. पंख मिटलेले, पण आवाज चालू, तोही चढ्या पट्टीत!

वांग्याचं फूल तसं कंजूषच. मध नावाला नाही. परागही मीठदाणीत ठेवल्यासारखे, टोकाच्या बारीक भोकांतून हलवल्याशिवाय पडत नाहीत. एवढी कौतुकाची मधमाशी, पण तिला ही विद्या येत नाही. भुंगा फूल पायांनी आवळतो, उडायचे स्नायू थरथरवतो, की पराग भुरभुर पोटावर. खरं तर ही मेहनत मादीची, पिलांच्या खाऊसाठी. नरसाहेब घिरट्या घालतात. (यावर घरून आलेली टिप्पणी इथे देत नाही.) युरोपातल्या काचघरांत तर टोमॅटोची फुलं हलवत माणसं विजेवर थरथरणारी कांडी घेऊन फिरत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते काम भुंग्याच्या केसाळ चुलत बहिणींवर, म्हणजे पाळीव बंबलबींवर सोपवलं, तेव्हा सुटली बिचारी.

आमच्या गिरगावच्या चाळीत गॅलरीच्या वाशाला गोल भोक होतं आणि खाली रोज चिमूटभर भुसा. आजी केर काढताना भुंग्याचा उद्धार करायची. ‘मेल्याला दुसरं लाकूड मिळत नाही!’ भुंगा लाकूड खात नाही, नुसतं कोरून घर करतो, हे तिला कोण सांगणार? आम्ही पोरं त्या भोकात खराट्याची काडी घालायचो आणि आतून गुरगुर आली की जिन्यापर्यंत धूम. संध्याकाळी तीच आजी पोथीतली ओवी लावायची: कोरडं लाकूड पोखरणारा भ्रमर कोवळ्या कळीत मात्र अडकतो. तेव्हा तिचा आवाज इतका मऊ व्हायचा की सकाळचा ‘मेला’ कुणी वेगळाच असावा. मग शेगडीवर वांगं भाजायचं. भरतात दही घालायचं नाही, हा तिचा कायदा. मी अजून पाळतो.

चाळ गेली, टॉवर आला. वासे नाहीत, ॲल्युमिनियमच्या खिडक्या आहेत. आमच्याकडे येणारा भुंगा बहुधा आवारातल्या गुलमोहराच्या वाळक्या फांदीत राहत असावा. पावसाळ्याआधी छाटणी आहे, तशी नोटीस लिफ्टजवळ लागलीय. फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर काय, हा प्रश्नही रास्तच. सेक्रेटरींना काय सांगू, वांग्यासाठी ठेवा म्हणून? आमच्या मीटिंगा पार्किंगच्या पुढे कधी सरकल्यात!