पावसाळाभर आईला वाचून दाखवलं

जूनपासून दसऱ्यापर्यंत मोजून तीन पुस्तकं झाली, त्यातलं पण तिसरं अजून संपायचंय. एरवी पावसाळ्यात माझी दहा-बारा तरी होतात, पण यंदाची तिन्ही मी मोठ्यानं वाचली. जूनमध्ये आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिवसातनं चार वेळा ड्रॉप्स, घरात पण काळा गॉगल, आणि चष्म्याचा नवा नंबर महिन्याभरानं. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू आहेच, त्यामुळं पेपरसुद्धा वाचता येईना. टीव्ही तिला आवडत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तू रोज वाचत बसतेस न्हवं, मग जरा मोठ्यानं वाच की."

तिला हवी होती आनंद यादवांची 'झोंबी'. घरची प्रत २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरात गेली, शाहूपुरीत आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा खालचे दोन कप्पे भिजले त्यात. म्हणून करवीर नगर वाचन मंदिरातनं आणली. हे वाचनालय १८५० सालचं आहे, भवानी मंडपाकडं गेलं की मी आत एक चक्कर मारतेच.

'झोंबी' मी कॉलेजात एकदा वाचली होती, दोन दिवसांत संपवली होती आणि मला वाटायचं की मला ती माहिती आहे. कागलचा शेतकऱ्याचा पोरगा, शाळेसाठी धडपडतो, बाप शाळेतनं काढून रानात घालतो, एवढं लक्षात होतं. आईचं माहेर कागलच्याच बाजूला. त्यामुळं बाप गावात सगळ्यांच्या आधी गुऱ्हाळ सुरू करतो ते आलं आणि आईनं मला थांबवलंच. "आधी गाळला की गुळाला दर चांगला मिळायचा, पण ऊस तयार नसला की उतारा कमी पडायचा, शाणी मानसं थांबायची." मग तिच्या वडलांचं गुऱ्हाळ निघालं, चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या, काहिलीवरचा फेस बघून आदण झालं का नाही ते सांगणारा गुळव्या, आणि पोरं हातात ताटली घेऊन गरम काकवीसाठी बसलेली. त्या दिवशी दीड पान वाचून झालं. बाहेर पाऊस ओततच होता, लाईट गेलेली, मी मोबाईलच्या उजेडात पुस्तक धरून बसले होते आणि आई अंधारात हातानं दाखवत होती की पाक वाफ्यात ओततात कसा.

त्यातली माणसं आमच्याकडची भाषा बोलतात. मनात वाचताना ते शब्द डोळ्याखालनं नुसते सरकतात. मोठ्यानं वाचताना तसं होत नाही, प्रत्येक शब्द तोंडातनं काढायला लागतो. पहिले दोन दिवस माझी जीभ अडखळत होती आणि त्याचं मला फार वाईट वाटलं. शाळेत असताना मी 'पानी' म्हटलं की बाई सगळ्या वर्गासमोर उभं करून 'पाणी, पाणी' असं दहा वेळा म्हणायला लावायच्या. मी शिकले, चांगलीच शिकले, आज ऑफिसात मी कोल्हापूरची वाटत नाही असं लोक कौतुकानं सांगतात. आणि आता आईची भाषा, जी मी पाळण्यातनं ऐकली, ती छापलेली वाचताना अडत होते. आठवड्याभरात जीभ सुटली. अंदाची, म्हणजे पुस्तकातल्या त्या पोराची, आई गावातल्या वजनदार दत्ताजीरावांकडं रात्री जाऊन पोराला शाळेत घालायला नवऱ्याला सांगा म्हणून गाऱ्हाणं घालते, ते मी वाचलं तेव्हा आईनं गॉगल काढला आणि पदरानं डोळे टिपले, डॉक्टरनी डोळ्याला हात लावू नका सांगितलेलं असून. मी पण पुढं वाचू शकले नाही.

जुलैच्या शेवटाला पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की आमचं वाचन निम्मं व्हायचं, कारण दर तासाला राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. ३९ फुटाला इशारा, ४३ला धोका, हे इथल्या पोरांना पण पाठ आहे.

त्याच दिवसांत 'ययाति' घेतली. खांडेकर १९३८ पासून कोल्हापुरात, मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ १९७४ साली त्यांना ह्याच कादंबरीसाठी, आणि शेवटच्या काळात त्यांची स्वतःची दृष्टी गेली होती, हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. पण खरं सांगते, ती मोठ्यानं वाचायला अवघड आहे, वाक्यं इतकी नटलेली की मधेच दम संपतो. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा असे तिघं आळीपाळीनं आपली बाजू सांगतात, आईनं ययातीची निम्मी पानं सोडायला लावली. "त्याचं रडगाणं ऱ्हाऊ दे, शर्मिष्ठाचं वाच." मला ते पटलं. शर्मिष्ठाच्या भागात मात्र तीच भाषा जड वाटली नाही.

ऑगस्टात नवा चष्मा आला. आई पेपर वाचायला लागली, देवाची पोथी वाचायला लागली, तरी जेवणं झाली की "चल, घे" म्हणायचीच. मग लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली, आणि ती तर मोठ्यानं वाचायलाच लिहिल्यासारखी आहे, शेजारची बाई भाजी निवडत सांगतेय असं वाटतं. लग्नानंतर अक्षरं शिकलेली ही बाई, आणि वाक्य कुठं तोडायचं ते काय कळतं तिला! वडलांच्या सोवळ्याचे प्रकार वाचून आई इतकी हसली की खालच्या काकू वर आल्या, आणि मग त्याही रोज यायला लागल्या.

अजून शंभरेक पानं राहिलीत. आईच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, आणि काकूंनी विचारलंय की तोवर संपवणार नाही ना.