एवढ्याशा गाडीत तंबू कुठे ठेवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडळाच्या दिवाळीत, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, पेट्रोल भरताना, सगळीकडे हाच प्रश्न येतो: "दोन सीटांची गाडी, डिकी म्हणजे टिफिनचा डबा, आणि तुम्ही हिच्यातून कॅम्पिंगला जाता? सामान कुठे ठेवता?" भारतातून आलेल्या आत्या-मावश्यांचा प्रश्न जरा वेगळा असतो: "अगं, मग आम्ही कुठे बसायचं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. सामानाचं मात्र आहे.

गाडी माझदा मियाटा. अमेरिकेबाहेर बऱ्याच ठिकाणी हिलाच एमएक्स-५ म्हणतात. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली. आमची २०१५ नंतरच्या चौथ्या पिढीतली. डिकी १३० लिटरची. मुंबईला जाताना आपण नेतो ती मोठी चेक-इन बॅग साधारण शंभर लिटरची असते, म्हणजे कागदावर एक बॅग आणि वर थोडी जागा. प्रत्यक्षात ती बॅग या डिकीत जातच नाही. डिकी मध्ये खोल, कडेला उथळ, आणि तोंड अरुंद. विमानात डोक्यावर ठेवायच्या दोन मऊ बॅगा मात्र व्यवस्थित बसतात. कंपनीने तेवढाच हिशोब धरलेला आहे.

पण लिटर हा खरा प्रश्न नाहीच. दार उघडलंत की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. आमच्या गाडीत तो आकडा दीडशे किलोच्या आसपास आहे. आम्ही दोघं बसलो की सामानाला पंचवीसेक किलो उरतात. विमान कंपनी एका बॅगेला देते तेवढेच. ज्याने एकदा तरी लोणच्याच्या बरण्या आणि चकल्यांचे डबे तेवीस किलोंत बसवलेत, त्याला या गाडीचं सामान भरणं नवीन वाटायला नको. बाथरूममधला वजनकाटा बाहेर काढायचा आणि एकेक पिशवी त्यावर ठेवायची, बस.

आता हे पंचवीस किलो कोण खातं? तंबू नव्हे, आइसबॉक्स. सगळे तंबूबद्दल विचारतात, पण पाठीवर घेऊन डोंगर चढणाऱ्यांसाठी बनवलेला दोन माणसांचा तंबू दीड-दोन किलोंचा असतो. स्लीपिंग बॅग पिसांची घेतलीत तर एकेक किलोच्या आसपास. फुगवायच्या गाद्या त्याहून हलक्या. आमच्याकडे कॅम्पिंगचं जे सामान "कारने जाणाऱ्यांसाठी" म्हणून विकतात ते अवाढव्य असतं. उभं राहता येईल असे तंबू, झोपायला खाटा, दोन शेगड्यांचा स्टोव्ह. त्या रांगेकडे बघायचंच नाही. दुकानात ट्रेकवाल्यांच्या रांगेत जायचं. पैसे जास्त पडतात, हे खरं. आम्ही एकेक वस्तू सेलमध्ये बघून घेतली.

आइसबॉक्सचं काय, तर तो नेत नाही. हा एक निर्णय घेतला की बाकी सगळं आपोआप बसतं. चाळीस लिटरचा आइसबॉक्स म्हणजे बाहेरून त्याच्या दीडपट जागा, आत बर्फ, आणि रविवारी सकाळी अर्धवट वितळलेल्या पाण्यात पोहणारं चीज. आपल्याला त्याची गरज काय? फ्रिज येण्याआधी आपल्याकडची माणसं बैलगाडीने आणि एसटीने प्रवास करतच होती, आणि उपाशी करत नव्हती. मी नुसत्या दुधात पीठ भिजवून दशम्या करते. पाण्याचा हात लागला नाही की त्या दोन-तीन दिवस मऊ राहतात. बरोबर लसणाची कोरडी चटणी. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, भाजून ठेवलेला रवा मोहरी-कढीपत्त्यासकट, दूध पावडर आणि साखर घालून तयार केलेला चहाचा मसाला. कांदे, बटाटे, लिंबं, आलं यांना थंडावा लागत नाही. ट्रिपच्या वाटेवर शेतातून आलेली फळं विकणारी दुकानं लागतात, तिथे पीच घ्यायचे आणि रात्रीच संपवायचे.

मुगाची डाळ आणि तांदूळ घरीच भाजून, मिक्सरवर जाडसर भरड करून नेते. त्याचं कारण उंची. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातलं टुअलमी मेडोज हे कुरण सुमारे ८,६०० फुटांवर आहे. तिथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. तुरीची डाळ अशा पाण्यात तासभर खळखळली तरी दाणा दातांखाली येतोच. भरडीची खिचडी मात्र लवकर शिजते. "मग छोटा दीड लिटरचा कुकर न्या ना," असं एका काकूंनी सुचवलं होतं. सूचना अगदी योग्य आहे, पण कुकर पोकळ असला तरी त्याचा दांडा कुठे घालायचा ते काकूंनी सांगितलं नाही.

आता भरायची पद्धत. नीट वाचा, कारण मला जे विचारतात त्यांतले निम्मे इथे कंटाळून "छान, छान" म्हणतात.

पहिली गोष्ट, कुठलीही वस्तू तिच्या मूळ पिशवीत ठेवायची नाही. स्लीपिंग बॅगबरोबर जी आवळायची पिशवी येते ती तिला गोल, टणक ओंडका बनवते, आणि ओंडके शेजारी शेजारी ठेवले की मध्ये हवा उरते. मी दोन्ही स्लीपिंग बॅगा एका मोठ्या, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत सैल कोंबते आणि ती पिशवी रिकाम्या डिकीच्या तळाशी दाबते. ती कोपऱ्याकोपऱ्यांत पसरते. त्यावर भांडं. भांड्याच्या आत गॅसचा डबा, डब्याच्या बाजूला शेगडी, शेगडीभोवती भांडी पुसायचं फडकं, म्हणजे वळणावर खडखडत नाही. २३० ग्रॅमचा डबा आम्हा दोघांना शनिवार-रविवार पुरून उरतो. तो घेताना आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असलेला बघून घ्यायचा. साधं ब्युटेन शून्याच्या जवळ आलं की वायू व्हायचंच बंद होतं, आणि सिएरा नेवाडाच्या डोंगरांत उंचावर ऑगस्टमध्येसुद्धा पहाटे तेवढी थंडी पडू शकते. चहाच्या वेळी शेगडी रुसणं परवडत नाही.

तंबूचे तीन भाग वेगळे करायचे. काठ्या आडव्या, सीटमागच्या भिंतीला लागून. आतलं कापड घडी करून कपड्यांच्या पिशव्यांच्या मध्ये. वरचं पावसाचं कापड सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर, कारण सकाळी दव पडून ते ओलं झालेलं असतं. घरी जाताना ते वेगळ्या पिशवीत वरच राहतं आणि बाकीचं कोरडं राहतं. खुर्च्या म्हणाल तर नळ्या जोडून उभ्या करायच्या असतात त्या, घडी केल्यावर हाताच्या कोपरापासून मनगटापर्यंत येतील एवढ्या. पाण्याचा दहा लिटरचा कॅन घडीचा. तो रिकामा न्यायचा आणि कॅम्पग्राउंडवरच्या नळावर भरायचा. दहा किलो पाणी वाहून न्यायचं आणि वर स्टिकरवरच्या वजनाची काळजी करायची, हे मला पटत नाही.

सरपण न्यायचंच नाही. इथे जागेपेक्षा मोठं कारण आहे: लाकडाबरोबर झाडं पोखरणाऱ्या किडी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. दक्षिण कॅलिफोर्नियातले ओक असल्याच एका भुंग्याने मोठ्या संख्येने मारले. म्हणून लाकूड जाळायचं त्याच गावात विकत घ्यायचं, असं सरकारच सांगतं. छोट्या गाडीवाल्यांना अनुकूल असा हा एकच नियम मला माहीत आहे.

खाण्याची पिशवी मात्र डिकीत जात नाही. ती नवऱ्याच्या पायाशी. तो सहा फूट एक इंच आहे आणि याबद्दल त्याचं मत मी इथे लिहीत नाही. पण कारण ठोस आहे: पोचल्यावर पहिली बाहेर यायला हवी ती तीच. योसेमिटीत अंधार पडल्यावर गाडीत खाण्याची एकही वस्तू ठेवायला बंदी आहे. कॅलिफोर्नियात काळी अस्वलं आहेत, त्यांना गाडीचं दार वाकवून काढता येतं, आणि आमच्या गाडीला तर वर छत म्हणून नुसतं कापड. खाणंच नव्हे, वासाचं काहीही: टूथपेस्ट, साबण, क्रीम. आणि अर्थातच हिंग. हिंगाची डबी घरात तीन पिशव्यांत गुंडाळली तरी शेजाऱ्याला कळते. अस्वलाचं नाक त्याहून किती तरी तिखट. ती डबी सगळ्यांत आधी आत जाते.

आत म्हणजे प्रत्येक तंबूच्या जागेवर असणाऱ्या लोखंडी पेटीत. योसेमिटीतल्या बहुतेक पेट्या ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच आहेत. मी एकदा शेगडीवर पाणी उकळेपर्यंत गुणाकार केला: ४३० लिटरच्या वर भरते. आमच्या डिकीच्या तिप्पट! आमचं सगळं घरदार त्या पेटीत घातलं तरी शेजारच्यांचा आइसबॉक्स ठेवायला जागा उरते, आणि एकदा त्यांनी तो ठेवलाही. बदल्यात आम्हाला थंड कलिंगड मिळालं.

डिकीच्या झाकणावर बसवायचे सामानाचे रॅक मिळतात. लोक दाखवतात, "हे घ्या ना." मला नको. सामान उंच झालं की झाकणावरचा तिसरा ब्रेकदिवा झाकला जातो, मागचं दिसत नाही, आणि जेवायला कुठे थांबलं की नजर सारखी गाडीकडे. छत उघडून जाताना डोक्यामागे काही सुटं ठेवायचं नाही हेही त्यातच आलं. टोपी गेली तर परत वळायला जागा नसते अशा रस्त्यांवरूनच ही गाडी न्यावीशी वाटते. योसेमिटीतली टायोगा पास ही खिंड ९,९४३ फुटांवर आहे. त्या चढावर, छत उघडं, पाइनच्या झाडांचा वास, आणि मागे फक्त पंचवीस किलो. मग दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनालाही आपण फार काही मागत नाही.

दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. या गाडीत स्टेपनी नाही. पंक्चर बुजवायचं द्रव आणि बारा व्होल्टचा पंप मिळतो, तो काढून जागा करायचा मोह टाळायचा. आणि गाडी जमिनीपासून जेमतेम पाच इंच वर, म्हणून कच्च्या रस्त्याच्या शेवटी असलेली कॅम्पग्राउंडं आधीच वगळायची. सिक्वोया राष्ट्रीय उद्यानातलं मिनरल किंग हे त्यातलं एक. पंचवीस मैलांत जवळजवळ सातशे वळणं, म्हणजे कागदावर अगदी आमच्या गाडीसाठीच बनवलेला रस्ता. पण मध्ये डांबर नसलेले तुकडे आहेत. वर उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथले मार्मोट, म्हणजे खारीच्या जातीतले मांजराएवढे प्राणी, गाडीखाली शिरून रबरी नळ्या आणि वायरी कुरतडतात. लोक अख्खी गाडी खालून ताडपत्रीत गुंडाळतात. तेवढी ताडपत्री ठेवायची कुठे, हा प्रश्न मात्र मला कुणी विचारू नका.

तिसरं माणूस येणार असेल, किंवा बर्फाच्या दिवसांत चाकांच्या साखळ्या बरोबर घेऊन जायचं असेल, तर सगळं गणितच बदलतं. अशा वेळी नवऱ्याची टोयोटा निघते. तिच्यात कुकरही जातो.