तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या पिकअपच्या एसीचा गॅस

मार्च लागला की रोज कुणीतरी विचारतंच, जुन्या पिकअपच्या एसीत दर किती दिवसांनी गॅस भरावा लागतो? विचारणारे बहुतेक वरूड-मोर्शी पट्ट्यातले संत्रावाले, नाहीतर कापूस-सोयाबीन वाहणारे. गाड्या १९८८ साली आलेल्या टाटामोबाईलच्या पिढीतल्या, आणि एसी कंपनीचा नव्हे, मागाहून बसवलेला. "भाऊ, मागच्या सालीच तं मारला होता गॅस, एवढ्यात कसा काय संपला?"

गॅस संपत नाही. डिझेल जळतं, तसं एसीच्या गॅसचं नसतं. तोच गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधून पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये जाऊन उष्णता सोडतो, तिथून ओल शोषणारा ड्रायर आणि दाब उतरवणारा एक्सपान्शन वॉल (व्हॉल्व्ह) यांमधून केबिन थंड करणाऱ्या कूलिंग कॉइलमध्ये आणि परत कॉम्प्रेसरमध्ये फिरत राहतो. रबरी पाइपातून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, तेवढं धरून चालायचं. पण एका उन्हाळ्यातच कूलिंग गेली, तर गॅस कुठूनतरी निघून गेलाय. दरसाल भरावा लागतो असं जो सांगतो, तो तुम्हाला दरसाल बोलावतोय.

म्हणून गाडी आली की मी आधी हात लावून पाहतो. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे गॅस सुटतो तिथं तेल ओघळतं आणि त्यावर धूळ बसते. पाइपाच्या जोडावर, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी, कंडेन्सरच्या कोपऱ्यात काळा चिकट डाग दिसला की अर्धं काम झालं. नाहीच दिसला तर कोरडा नायट्रोजन भरून जोडांवर साबणाचा फेस लावायचा. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा एसीत कधीही भरू देऊ नका. त्या हवेत पाणी असतं, आणि उरलेल्या गॅससोबत दाबाखाली हवा मिसळणं धोक्याचंही आहे.

काही जण बंद गाडीला गेज, म्हणजे दाब दाखवणारा काटा, लावून सांगतात, "प्रेशर बरोबर आहे, गॅस फुल आहे." यावर विश्वास ठेवू नका. आता एसीत भरतात तो आर-१३४ए हा गॅस ४० अंशांना सुमारे १३३ पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतो. आत दाबानं द्रव झालेला गॅस थोडाही शिल्लक असेल तरी १३३, आणि पूर्ण भरलेला असेल तरी १३३च. बंद गाडीत काटा तापमान सांगतो, माप सांगत नाही. माप वजनकाट्यावरच होतं. जुना गॅस काढून, व्हॅक्यूम मारून (पंपानं आतली हवा आणि ओल ओढून घेऊन), नवा गॅस ग्रॅममध्ये तोलून भरायचा, हाच खात्रीचा रस्ता.

व्हॅक्यूमवर मी वेळ घालवतो आणि त्यावरून गिऱ्हाईक वैतागतं. पण आत राहिलेलं पाणी वॉलमध्ये गोठून गॅसचा रस्ता अडवतं आणि तेलात आम्ल तयार करतं. काट्यावर २९ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम झाला की पाणी २५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि वाफ होऊन पंपातून निघून जातं. आपल्या वैशाखात लोखंड आधीच त्याहून तापलेलं असतं, म्हणून हे काम उन्हाळ्यात छान होतं. मग पंप बंद करून काटा अर्धा तास जागचा हलतो का ते बघायचं. हलला तर गॅसची बाटली उघडायचीच नाही, परत लीकेज शोधायचं.

आता जुन्या गाड्यांची खरी अडचण. यांच्यात मुळात आर-१२ हा जुना गॅस असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात आला आणि २०१० पासून हा गॅस बंद झाला. त्याच्या जागी आर-१३४ए चालतो, पण नुसता ओतून नाही. आर-१२ सोबतचं खनिज तेल या गॅसमध्ये मिसळत नाही, कॉम्प्रेसर कोरडा पडतो. जुनं तेल काढून एस्टर तेल घालावं लागतं, ड्रायर नवा लागतो, जोडांतल्या रबरी ओ-रिंगा बदलाव्या लागतात. आणि गॅस जुन्या मापाच्या ८० ते ८५ टक्केच भरायचा. ८०० ग्रॅमच्या जागी ८०० भरला की दाब चढतो आणि ऐन नवतप्यात कूलिंग उलट कमी होते.

एक गोष्ट मी कुणासाठीही करत नाही. स्वयंपाकाचा गॅस एसीत भरून देणारे आहेत, स्वस्तही पडतो आणि थंडही करतो. पण कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते. ती फुटली तर तो गॅस बंद केबिनमध्ये जमतो, आणि शेजारी ड्रायव्हर बिडी पेटवतो. आणून दिलेला सिलेंडर मी परत पाठवतो, ओळखीचा माणूस असला तरी.

पुष्कळदा तर गॅसचा प्रश्नच नसतो. आपल्याकडं कापसाचे तंतू आणि सोयाबीनचा भुसा कंडेन्सरच्या जाळीत असे घट्ट बसतात की हवा जातच नाही. मग ४५ अंशांच्या उन्हात दाब चढतो, कॉम्प्रेसर दमतो आणि माणूस समजतो गॅस गेला. मळणी आटोपली की कंडेन्सर मागच्या बाजूनं, हलक्या धारेनं धुवून घ्या. प्रेशरची धार मारली तर पत्रे वाकतात.

"जुन्या गाडीवर एवढा खर्च कायले?" असंही विचारतात. मार्चच्या दुपारी मृग बहाराची संत्री भरून नागपूरच्या कळमना बाजाराला निघालेला ड्रायव्हर इंजिनाशेजारच्या तापल्या पत्र्यात तासन् तास बसतो. त्याच्यासाठी हा खर्च मला रास्त वाटतो. आणि खर्च एकदाच व्हावा असं वाटत असेल तर हिवाळ्यातही पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटं एसी चालवा. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील फिरत्या तेलानं ओलं राहतं. दिवाळीपासून होळीपर्यंत एसी बंद ठेवला की ते सुकतं, आणि मग मार्चमध्ये गाडी माझ्याकडं येते ती बहुतेक वेळा तिथूनच गॅस सोडून.