दोन साचे

पर्यटकांना मी कोल्हापूर दाखवते तेव्हा अंबाबाई, रंकाळा आणि नवा राजवाडा यांतच बहुधा दिवस सरतो. गेल्या हिवाळ्यात मात्र सोलापूरहून आलेल्या एका कुटुंबातील आजोबांनी शाहू मिल ही बंद पडलेली कापडगिरणी पाहायचीच, असा आग्रह धरला. दरवाजा बंद होता, म्हणून रस्त्यावरच उभी राहून मी नेहमीच्या क्रमाने सांगू लागले: १८९१ मध्ये कोल्हापुरात रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसली आणि १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी या गिरणीची पायाभरणी केली.

आजोबांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ताई, पाळ्या किती चालायच्या? बदलीवाले कुठं उभे राहायचे?"

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे मी गिरणीचा इतिहास सांगत होते, पण त्यात राजा होता, कामगार नव्हताच. मग आजोबाच बोलू लागले. ते सोलापुरात गिरणीत बदली कामगार होते, म्हणजे कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी लागणारे. काम मिळेल याची खात्री नसताना रोज भोंग्याच्या आधी दारात उभे राहायचे. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून खात्यात मुद्दाम दमटपणा राखलेला असे, आणि त्या उकाड्यात कापसाची तूस घशात बसे, हे त्यांनी इतक्या बारकाव्याने सांगितले की त्यांच्या नातवंडांनी मोबाइल खिशात ठेवले.

"गिरणी बंद पडली, मग गावानं काय धरलं?" या त्यांच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर जवळच होते. माझ्या कार्यक्रमात नसलेल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत मी त्यांना नेले. पंचगंगेचे पाणी उसाला चढवणारी ऑइल इंजिने इथे बनत, आणि त्या कामातून तयार झालेले लेथ व ओतकामाचे कसब आजही टिकून आहे. एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांनी दारातून पाहू दिले. वाळू ठोकून बसवणारा कारागीर, "साचा अजून झाला नाही, मागं सरा," असे म्हणाला, तेव्हा आजोबा हसले. त्यांच्या गिरणीत साचा म्हणजे माग, इथे वाळूचा ठसा.

त्यांनी कारागिराला तोच प्रश्न विचारला, "पाळ्या किती?"

"दोन," हात न थांबवता तो म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतले.