दुधी कडू लागला तेव्हा

मळमळ-ओकारीवर अ‍ॅक्युपंक्चरचा एक बिंदू आहे, त्याच्यावर माझा फार भरवसा. नाव नैगुआन, तक्त्यावरचा क्रमांक पेरिकार्डियम ६. मनगटाच्या आतल्या घडीपासून रुग्णाच्याच तीन बोटांची रुंदी वर मोजायची, दोन कंडरांमधली खाच चाचपायची आणि सुई तिथं उतरवायची. नीट बसली की रुग्ण म्हणतो, ‘मॅडम, हात जड जड झाला.’ चिनी वैद्य या जडपणाला ‘देची’ म्हणतात आणि तो आल्याशिवाय सुई लागली असं मानत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर या बिंदूच्या भरपूर चाचण्या झाल्या आहेत. अ‍ॅक्युपंक्चरचं नाव काढताच मान फिरवणारे भूलतज्ज्ञसुद्धा याच्याबद्दल जरा सांभाळून बोलतात.

नवरात्रात एक बाई माझ्यासमोर ओकत होती, घरचे हीच सुई मागत होते, आणि मी ती टोचली नाही. त्याबद्दल मला शंका नाही. डोक्यात घोळतंय ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं.

मी मिरजेत दवाखाना चालवते. शिक्षण आयुर्वेदाचं, अ‍ॅक्युपंक्चर नंतर शिकले. बाहेरच्यांना वाटतं दिवसभर मी सुयाच टोचत असेन. खरं तर पाव मिलिमीटर जाडीची सुई टोचायला क्षण पुरतो. वेळ जातो तो विचारण्यात: सकाळी उठल्यावर पहिलं पोटात काय जातं, दही रात्री की दुपारी, भूक लागल्यावर जेवता की घड्याळ बघून. लोक गोळ्यांची नावं सांगतात. काढे, चूर्णं, रस मात्र सांगत नाहीत, कारण ते ‘औषध’ नाहीतच, ‘नैसर्गिक’ आहेत! या एका शब्दानं आमच्या कामाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कुठल्याही टीकाकारानं केलेलं नाही.

ही मावशी साठी उलटलेली, गुडघ्यांसाठी येणारी. रक्तदाबाची एक गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत. गुडघ्याभोवतीचे बिंदू आणि त्याखालचा झुसान्ली तिला चांगले मानवले होते. आरतीला मांडी घालून बसता येतं, याचा तिला कोण आनंद! नवरात्राचे नऊही दिवस उपवास, त्यात सकाळी अनशापोटी दुधीचा ग्लासभर रस. हे मला त्या दिवशी कळलं.

ती सुनेबरोबर रिक्षातून उतरली तीच पोट धरून. बाहेरच्या बाकावर बसली आणि ओकली. सून म्हणाली, ‘मॅडम, आत्यांना पित्त झालंय उपासानं. ती हातातली सुई लावा ना, मागं मला लावली होती ती.’ तिला गरोदरपणात खरंच फरक पडला होता, त्यामुळे तिची मागणी काही चुकीची नव्हती. मी ट्रे ओढलाही.

पण उपवासाच्या पित्ताची ओकारी अशी नसते. पित्तात आंबट पाणी पडतं, डोकं दुखतं, ओकून झालं की माणसाला बरं वाटतं. हिला प्रत्येक ओकारीनंतर जास्त मरगळ येत होती. हात गार, कपाळावर घाम. नाडी ११६. एरवी रक्तदाब १४० च्या आसपास, तो ९० वर ६०. या वयात असा घाम म्हटल्यावर पहिलं मनात हृदय येतं. मी विचारत राहिले, छातीत दुखतंय का, जबडा, खांदा? नाही. बेंबीच्या वर आग पडलीय, म्हणाली.

‘सकाळी काय घेतलंत?’

‘काही नाही. उपास आहे.’

‘काहीच नाही?’

‘दुधीचा रस तेवढा.’

‘कडू होता?’

‘होता की. विषासारखा कडू. नाक दाबून घेतला.’

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक चाचा बसले होते. सतारी-तंबोऱ्यांच्या कामात हयात गेलेले कारागीर, मानेसाठी येतात. मी काही बोलायच्या आत तेच उठले. ‘कडू भोपळा पोटात गेला? मॅडम, ह्यांना दवाखान्यात न्या, मोठ्या. आमच्याकडं तो तासताना नुसती भुकटी उडाली तरी घसा दिवसभर कडू राहतो.’

मिरजेच्या बाहेरच्यांसाठी सांगते. तंबोऱ्याचा भोपळा आणि भाजीचा दुधी एकाच जातीचे. वाद्यासाठी कडू वाण धरतात, कारण त्याला कीड लागत नाही; पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला तो पिकतो आणि वाळवून इथं येतो. किडीला जे सोसत नाही ते माणसाच्या आतड्यालाही सोसत नाही. त्या कडूपणाचं नाव कुकुर्बिटासिन. शिजवून तो जात नाही. भाजीच्या दुधीतून शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या गोड फळाचं बी राखून तो घालवला, पण वेलीत तो दडून असतो. कडू वाणाचा संकर झाला, किंवा वेलीला उन्हाचा-पाण्याचा ताण पडला, की एखादं फळ पुन्हा कडू निघतं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

पुढच्या ओकारीत रक्ताची रेघ दिसली. मी ट्रे बाजूला सारला. सून म्हणत होती, निदान थोडं थांबेल तरी. थांबवायचं कशाला? शरीर जे बाहेर फेकतंय ते फेकू दे. आणि एवढा रक्तदाब खाली असताना सुई टोचली तर बाई तिथंच घेरी येऊन पडेल. पाय उंच करून कुशीवर झोपवलं, तोंडानं काही द्यायचं नाही असं बजावलं आणि १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत सून हळूच म्हणाली, ‘मी पण दोन घोट घेतले होते. फार कडू लागला म्हणून ओतून दिला. आत्या रागावल्या. औषध कधी गोड असतं का, म्हणाल्या.’ मग तिलाही गाडीत बसवलं. तिला नुसती मळमळ होती, तीही दुपारपर्यंत गेली.

मिरजेत रुग्णालयांची कमी नाही. पण तिथं जे घडलं त्याचा राग अजून उतरलेला नाही. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी माझ्या नावापुढची पदवी ऐकली आणि केसपेपरवर लिहिलं: ‘आयुर्वेदिक औषध घेतल्यानंतर उलट्या’. मी म्हटलं, औषध नाही, भाजी आहे. माझ्याकडची तर नाहीच. ते म्हणाले, एकच ते. एकच कसं? कारण चुकीचं लिहिलं तर पुढची माणसं भलतंच शोधत बसतील, आणि उद्या कोणी या नोंदी चाळल्या तर ही केस माझ्या शास्त्राच्या खात्यावर जाईल, दुधीच्या नाही. वरिष्ठ पोटविकारतज्ज्ञ आले तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकलं, खोडून ‘कडू दुधीचा रस’ असं लिहिलं. याच्यावर उतारा नाही. शिरेतून सलाईन, आम्ल कमी करणारी इंजेक्शनं आणि लक्ष ठेवणं, एवढंच हातात. दुर्बिणीच्या तपासणीत जठर आणि लहान आतड्याची सुरुवात सोलवटलेली दिसली. रक्तदाब संध्याकाळपर्यंत वर आला आणि चौथ्या दिवशी मावशी घरी गेली.

सगळे इतके सुदैवी नसतात. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा कडू रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती बसवली. सल्ला अगदी साधा होता: रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखा, कडू लागला तर फेका, प्यायल्यावर त्रास झाला तर ताबडतोब रुग्णालय गाठा. माझी आजी दुधी चिरताना एक फोड जिभेवर ठेवायची आणि मगच विळीवर बाकीचा घ्यायची. मिक्सर आल्यापासून ही फोड गेली. बागेबाहेरच्या सकाळच्या गाड्यांवर तर कारलं, दुधी, कडुनिंब सगळं एकाच भांड्यात फिरवतात. कारल्याच्या कडूत दुधीचा कडू कोणाला कळणार?

मावशीच्या मुलानं फ्रिजमधला उरलेला अर्धा दुधी मला आणून दाखवला. कोवळा, हिरवागार, नखानं सहज खुपणारा. मी त्याचा कण जिभेच्या टोकाला लावून थुंकला. चूळ भरूनही तो कडूपणा बराच वेळ जात नव्हता. आणि हिनं त्याचा ग्लास भरून संपवला, केवळ श्रद्धेवर.

ही श्रद्धा कुठून आली, हे मला छळतंय. दुधीच्या रसानं हृदयाच्या ‘ब्लॉकेज’ विरघळतात, हे तिला मोबाइलवर आलं होतं. असं काही होत नाही. पण कडू म्हणजे गुणकारी, हे तर आम्हीच शिकवलंय. पाडव्याला कडुनिंब, बाळाला गुटीतला कडूपणा, शरदात पित्त चढतं म्हणून कडू रस. माझ्या दवाखान्यातही आश्विन लागला की मी हेच सांगते, आणि ते बरोबरच आहे. फक्त आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्यानं शरदासाठी नुसतं तिक्त, म्हणजे कडू, सांगितलेलं नाही. तिक्त, मधुर, कषाय (तुरट) असं सांगितलंय, तेही हलकं आणि भूक लागल्यावर; भात, मूग, आवळा, पटोल, मध अशी यादीच दिली आहे. लोकांपर्यंत पोचलं ते एकटं ‘कडू’. कारलं कडूच असतं, मेथी कडूच असते, त्यांचा कडूपणा ठरलेला आहे. दुधी गोड असायला हवा. ज्या जिनसाचा कडूपणा ठरलेला नाही तो कडू लागला, तर जीभ आपल्याला थांबवत असते. हा फरक सांगायला एक वाक्य पुरतं, पण ते वाक्य कुठल्याच ऋतुचर्येच्या, म्हणजे ऋतूनुसार काय खावं-प्यावं सांगणाऱ्या, पत्रकावर मी छापलेलं पाहिलं नाही. आता माझ्या पत्रकावर ते सगळ्यात वर आहे.

आणि हे आमच्या ग्रंथांना ठाऊक नव्हतं असंही नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात कडू भोपळ्यावर एक पूर्ण अध्याय आहे, इक्ष्वाकुकल्प. तिथं तो पौष्टिक पेय म्हणून येत नाही, वमनाचं द्रव्य म्हणून येतो, ओकारी करवणारं. वमन आम्ही देतो ते आधी तूप पाजून, शेक देऊन, रुग्णाचं बळ पाहून, नाडी धरून, ओकारीचे किती वेग आले ते मोजत. मावशीनं उपवासात, रिकाम्या पोटी, कसलीही तयारी नसताना वमनाचं द्रव्य घेतलं. तिचं शरीर ग्रंथात लिहिलंय तसंच वागलं.

हे सगळं मी आमच्या गावातल्या वैद्यांच्या बैठकीत मांडायचं म्हटलं, तर एका ज्येष्ठांनी फोन केला. म्हणाले, कशाला, आधीच गुळवेलीनं यकृताला इजा होते अशा बातम्या आल्या तेव्हा आपल्याला किती ऐकून घ्यावं लागलं. मी त्यांना इक्ष्वाकुकल्पाची आठवण दिली. ते म्हणाले, ते आपल्याला माहीत आहे, लोकांना कशाला? त्यांच्याबद्दल मला आदर आहे, माझ्यापेक्षा किती तरी जास्त नाड्या त्यांनी पाहिल्या आहेत. पण जे आपल्याला माहीत आहे ते लोकांना सांगायचं नसेल, तर दवाखाना उघडून आपण बसतो कशासाठी? राज्यात अ‍ॅक्युपंक्चरचा कायदा २०१५ चा. या मान्यतेसाठी माझ्या शिक्षकांनी उमेदीची वर्षं घातली. ही पत लपवालपवीवर टिकणार नाही.

दुधी विकणाऱ्या बाईलाही जाऊन भेटले. मंडईच्या कडेला माळवं घेऊन बसते. बी घरचंच, सासूच्या वेळेपासूनचं, म्हणाली. वेल कुठली ते तिला सांगता येईना; पाटीत चार वेलींचे दुधी एकत्र. ती घाबरली होती, दंड होईल की काय म्हणून. तिला म्हटलं, दर वेलीचं एक फळ कापून चाख, कडू निघालं तर ती वेल उपटून टाक आणि तिचं बी धरू नकोस. हो म्हणाली. एवढ्या गोष्टीसाठी तक्रार कुठं करायची आणि कोणी दखल घेतली असती का, हे मी दोन कार्यालयांत विचारून पाहिलं. दोन्हीकडून मला तिसरीकडे पाठवलं.

मावशी दिवाळीनंतर पुन्हा गुडघ्यांसाठी आली. पहिलाच प्रश्न, ‘मग कारलं पण सोडू का?’ नको, म्हटलं, भाजी करून खुशाल खा. रस नको, उपाशीपोटी तर नकोच. सुया लागल्यावर ती डोळे मिटून पडली आणि मी बाहेर सुनेशी बोलले. त्या घरात जिभेचं ऐकलं ते हिनं एकटीनं, आणि बोलणीही हिनंच खाल्ली. पुढच्या महिन्यात वैद्यांच्या बैठकीला ये, म्हटलं, आणि त्या सकाळी काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग. माझ्या सांगण्यापेक्षा ते त्यांना जास्त लागेल. तिला आवडल्यासारखं दिसलं. थोडा विचार केला, आतल्या खोलीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘आत्यांना विचारून सांगते.’