ढेकळांची रांग

आमच्या शेती प्रशिक्षण केंद्राचा वार्षिक मेळावा सुगी आटोपल्यावर, जमीन उघडी पडलेली असताना भरत असे. त्या दिवसाचा विषय निघाला की मला सर्वांत आधी आठवते ती व्हरांड्यातल्या लांब बाकावर मांडलेली काचेच्या बरण्यांची रांग. मेळाव्याला यायचे शुल्क नव्हते, निमंत्रणपत्रिकाही नव्हती. जुन्या प्रशिक्षणार्थींसाठी अट एकच होती: येताना आपल्या शेतातले मुठीएवढे कोरडे ढेकूळ आणि केंद्राकडून नेले होते त्याच्या दुप्पट बियाणे आणावे. बहुतेक जण अर्धा-एक एकर कसणारे, काही वाटेकरी, काही निव्वळ मजुरीवर जगणारे. दुप्पट बियाण्याच्या या परतफेडीवरच पुढच्या तुकडीचे शिक्षण चाले, त्यामुळे कोणाला आपण फुकट शिकलो असे वाटत नसे.

सकाळी प्रत्येक जण आपापले ढेकूळ तारेच्या जाळीवर ठेवून पाण्याने भरलेल्या बरणीत अलगद सोडी. दिसायला साधी असलेली ही परीक्षा जमिनीविषयी पुष्कळ काही सांगून जाते. कोरड्या ढेकळात पाणी शिरले की पोकळ्यांतली हवा कोंडते आणि बाहेर पडायला वाट शोधते. मातीचे कण मुळांच्या धाग्यांनी, बुरशीच्या तंतूंनी आणि सूक्ष्मजीवांच्या चिकट स्रावांनी बांधलेले असतील तर ढेकूळ बुडबुडे सोडत टिकून राहते. सेंद्रिय अंश संपलेल्या मातीचे ढेकूळ मात्र पाहता पाहता फुटते आणि बरणीच्या तळाशी गाळ साचतो. पहिल्या जोरदार सरीत त्या शेतातही हेच होते. कण सुटतात, छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि मुरायचे पाणी माती घेऊन वाहून जाते.

उतारावरची अर्धा एकर मुरमाड जमीन असलेली एक बाई पहिल्यांदा मेळाव्याला आली, तो दिवस मला लख्ख आठवतो. तिने ढेकूळ रुमालात गुंडाळून, प्रवासात फुटू नये म्हणून मांडीवर ठेवून आणले होते. पाण्यात सोडल्यावर मी वीसपर्यंतही मोजले नसेन, जाळीवर काहीच उरले नाही. बाकाभोवती उभे असलेले सगळे गप्प झाले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “गुरुजी, हात बाहेर काढायच्या आत गेली की हो माझी माती.” मी वीस-पंचवीस तुकड्यांना जमिनीची धूप शिकवली आहे, पण त्या एका वाक्याएवढे स्पष्ट मला कधी सांगता आलेले नाही.

आमच्या संस्थापिका ताई त्या दिवशी उद्घाटनाचे बोलणे बाजूला ठेवून फिलिपीन्समधल्या मिंडानाओ बेटावरील एका ग्रामीण केंद्राविषयी बोलल्या. तिथे १९७० च्या दशकात डोंगरउतारावरच्या गरीब शेतकऱ्यांसाठी समपातळीच्या, म्हणजे सारख्याच उंचीवरून जाणाऱ्या रेषांवर हवेतले नत्र स्थिर करणाऱ्या झुडपांच्या दाट ओळी लावण्याची पद्धत विकसित झाली. ते काम उभे करणारे हॅरॉल्ड वॉटसन यांना १९८५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ताईंना त्यातली एक गोष्ट विशेष आवडे: समपातळी शोधायला लागणारे इंग्रजी A च्या आकाराचे साधन तीन काठ्या, एक दोरी आणि एक दगड एवढ्यांतून तयार होते. दुपारी त्या बाईने ते स्वतःच्या हातांनी बांधले. दोन पाय टेकवायचे, मधल्या आडव्या काठीवरच्या खुणेवर दोरी स्थिरावेपर्यंत एक पाय पुढेमागे करायचा, खुंटी ठोकायची आणि पुढे सरकायचे. संध्याकाळपर्यंत तिने केंद्रामागच्या टेकाडावर खुंट्यांची एक पूर्ण ओळ आखली आणि जाताना गिरिपुष्पाच्या, म्हणजे अशाच एका नत्र स्थिर करणाऱ्या झुडपाच्या, फांद्यांची मोळी नेली.

मेळाव्यातला दुसरा मोठा कार्यक्रम हिशेबाचा. अनेकांना तो रूक्ष वाटेल, मला तो अतिशय प्रिय होता. फळ्यावर दोन रकाने आखलेले असत: “कुंपणाबाहेरून आले” आणि “कुंपणातून गेले”. सुरुवातीच्या वर्षांत पहिला रकाना फळा पुरणार नाही इतका लांब असे. खत, बियाणे, पशुखाद्य, सरपण, सगळेच विकत. पुढे गोठा, गांडूळखत, मत्स्यतळे आणि रोपवाटिका एकमेकांना जोडली गेली, तसा तो आखडत गेला. रोज सुमारे ५० किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून दोन घनमीटरच्या गोबरगॅस संयंत्रात जाई, त्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होई आणि बाहेर पडणारी मळी कुजणाऱ्या ढिगावर पसरली जाई. पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात पोर्तो-नोव्हो इथे गॉडफ्रे न्झामुजो यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले सोंघाई केंद्र याच तत्त्वावर चालते. एका विभागाचा टाकाऊ भाग हा दुसऱ्याचा कच्चा माल. आमचे काम त्या मानाने फारच लहान होते, तरी फळ्यावरचा पहिला रकाना आखडलेला पाहताना माझा ऊर भरून येई.

एका वर्षी केंद्राच्या स्वतःच्या प्रात्यक्षिक वाफ्यातले ढेकूळ सर्वांसमोर विरघळले. तोवर आम्हाला वाटत होते की इतके कंपोस्ट घालणाऱ्या आमच्या मातीला काय होणार! रांगेत उभ्या असलेल्या एका वाटेकऱ्याने कारण सांगितले: “तुम्ही वाफा पाहुण्यांसाठी विंचरता, गुरुजी.” ते खरेच होते. वाफा नीटनेटका दिसावा म्हणून आम्ही तो हंगामातून तीन-चारदा यंत्राने भुसभुशीत करत होतो आणि बुरशीचे तंतू जुळतात न जुळतात तोच तोडत होतो. ताईंनी त्याच दिवशी ते यंत्र बंद केले. वाफ्यावर पाचटाचे जाड आच्छादन आले आणि ते ढेकूळ पुन्हा पाण्यात टिकायला तीन वर्षे लागली.

त्याच वाटेकऱ्याने आम्हाला आणखी एक अवघड गोष्ट शिकवली. त्याच्या स्वतःच्या ढेकळात काही वर्षे सुधारणा दिसेना, म्हणून मी जरा रागानेच विचारले. तो म्हणाला, जमीन वर्षाच्या बोलीवर मिळते. झुडपांची ओळ तयार व्हायला दोन वर्षे लागतात, आणि माती सुधारली की मालक जमीन परत मागतो. माझ्याकडे उत्तर नव्हते. गरिबांना शेती शिकवायची म्हणजे काय, याचा विचार आम्ही त्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू केला. जमीन नसणाऱ्यांसाठी रोपवाटिका, अळिंबी, शेळीपालन आणि बियाणे राखणे हे अभ्यासक्रम त्या मेळाव्यातून निघाले, आणि काही वर्षांच्या लेखी करारासाठी मालकांशी बोलायला केंद्रातले कोणीतरी सोबत जाऊ लागले. सगळीकडे यश आले नाही. त्या वाटेकऱ्याला मात्र पाच वर्षांचा करार मिळाला आणि तो कागद त्याने मेळाव्यात बियाण्याच्या थैलीतून काढून दाखवला.

दुपारनंतर सतरंजीवर बियाण्यांची देवघेव चाले. वाल, चवळी यांचे वाण सहसा शुद्ध राहतात, पण भोपळ्याच्या दोन जाती शेजारी लावल्या तर पुढच्या वर्षी फळ कसे येईल सांगता येत नाही, म्हणून भोपळ्यापाशी प्रश्नांची गर्दी जास्त. प्रत्येक थैलीतले १०० दाणे ओल्या गोणपाटात आधीच घालून ठेवलेले असत आणि किती मोड आले तो आकडा चिठ्ठीवर लिहिला जाई.

उतारावरची ती बाई दरवर्षी आली. दुसऱ्या वर्षी तिचे ढेकूळ मिनिटभर टिकले, तिसऱ्या वर्षी अर्धे राहिले. गिरिपुष्पाच्या ओळींमागे माती अडून पायऱ्या धरू लागल्या आहेत, पेरणीआधी त्याचा पाला कापून पसरते, असे ती सांगे. पाचव्या वर्षी तिने ढेकूळ सोडले, थोडे बुडबुडे आले आणि थांबले. ती बाकापाशी बराच वेळ उभी राहिली, मग परतीची गाडी चुकू नये म्हणून निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या तुकडीतल्या मुली बरण्या धुवायला आल्या. तिच्या बरणीतले पाणी नितळ होते आणि ढेकूळ जाळीवर जसेच्या तसे बसलेले होते, त्यातून एक पांढरे मूळ बाहेर डोकावत होते. ती एक बरणी मी त्यांना धुऊ दिली नाही.